पुण्याहून स्पितीला, तंबू घेऊन: लांबच्या कार-कॅम्पिंगची तयारी

लांबच्या कॅम्पिंगची तयारी सुरू झाली की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘काय काय घ्यायचं?’ हा प्रश्न खरं तर तिसरा. त्याआधी दोन गोष्टी ठरवा. सगळ्यात थंड रात्र कुठे काढायची आहे, आणि माणसं बसल्यावर गाडी आणखी किती किलो वजन घेऊ शकते? हे दोन आकडे हातात आले की यादी जवळजवळ आपोआप होते, आणि दुकानात दिसणाऱ्या निम्म्या वस्तू तिच्यातून गळून पडतात.

आणखी एक. आठवड्याअखेरच्या सहलीत सामान एकदा काढून एकदा भरायचं असतं. तीन आठवड्यांच्या प्रवासात हेच काम रोज संध्याकाळी आणि रोज सकाळी करावं लागतं, तेही थकलेल्या अंगाने आणि बरेचदा वाऱ्यात. अशा प्रवासातली बहुतेक भांडणं मी याच वेळी होताना पाहिली आहेत. म्हणून प्रत्येक वस्तू घेताना विचारा: ही रोज काढायला आणि आवरायला किती वेळ लागेल?

उदाहरण म्हणून एकच प्रवास डोळ्यांसमोर ठेवू. चौघं जण, एक छोटी एसयूव्ही, पुणे ते चंदीगड, तिथून हिमाचलातलं शिमला, किन्नौर आणि स्पिती करून कुंझुम खिंडीतून मनाली, आणि परत घरी. जाऊन-येऊन साधारण ४,५०० किलोमीटर, तीन आठवडे.

आधी वाट आणि तारीख

कुंझुम खिंड बर्फामुळे वर्षातले कित्येक महिने बंद असते. साधारणपणे जूनमध्ये उघडते आणि ऑक्टोबरच्या पुढे तिची खात्री धरता येत नाही. स्पिती पर्जन्यछायेत असली तरी तिच्याकडे जाणारा किन्नौरचा रस्ता तसा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे दरडी कोसळतात आणि वरून दगड येतात. त्यामुळे आपल्यासाठी जूनचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर हे दोनच काळ चांगले. मी सप्टेंबर निवडेन, कारण तेव्हा ओढ्यांचं पाणी उतरलेलं असतं. गणपती आटोपून निघायचं असेल आणि अनंत चतुर्दशी महिन्याच्या अखेरीस येत असेल, तर थंडीची तयारी एक पायरी वर न्या.

दिशाही आत्ताच ठरवा: शिमल्याकडून चढायचं, मनालीकडे उतरायचं. शिमला साधारण २,२०० मीटरवर आहे, नारकंडा २,७००, कल्पा ३,००० च्या आत-बाहेर, ताबो ३,३०० च्या खाली, काझा ३,६५० च्या आसपास. शरीराला दर मुक्कामी थोडी थोडी उंची मिळत जाते. उलट दिशेने गेलात तर मनालीच्या २,००० मीटरवरून एका दिवसात चंद्रताल सरोवराच्या ४,२५० मीटरवर जाता, आणि रात्र डोकेदुखी-उलट्यांत जाण्याची शक्यता फार वाढते.

पुणे ते चंदीगड या टप्प्यात तंबूचा हट्ट धरू नका. महामार्गालगत सुरक्षित, परवानगीची जागा शोधण्यात रोज दोन तास जातात, आणि गुजरात-राजस्थानात सप्टेंबरमध्ये तंबूत झोप लागण्याइतका गारवा नसतो. हे तीन-चार मुक्काम साध्या लॉजवर करा. कॅम्पिंग हिमाचलात शिरल्यावर सुरू होतं, आणि तिथेही दर तीन-चार रात्रींनंतर एक रात्र होमस्टेत काढा. आंघोळ होते, कपडे धुतले जातात, ओला तंबू वाळतो.

वजनाचा हिशेब

गाडीचं रिकामं वजन आणि कमाल भारित वजन हे दोन्ही आकडे कंपनीच्या पुस्तिकेत असतात. त्यांतला फरक म्हणजे गाडीने वाहायचं एकूण ओझं, त्यात माणसंही आली. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या एसयूव्हींमध्ये हा फरक ४०० ते ४५० किलोंच्या घरात असतो. चार मोठी माणसं २८० किलो धरली, तर सामानाला १२० ते १७० किलो उरतात.

आता कागदावर बेरीज करा. तंबू ७ किलो, चार स्लीपिंग बॅगा ८, मॅट ५, गोधड्या ५, स्वयंपाकाची भांडी आणि शेगडी १०, कोरडा शिधा १५, पाणी ४०, कपडे माणशी ८ प्रमाणे ३२, हत्यारं आणि सुटे भाग १२, किरकोळ ८. झाले १४२ किलो, आणि अजून खुर्च्या-टेबल आलेलंच नाही. म्हणूनच घरचा वजनकाटा काढा आणि प्रत्येक पिशवी खरोखर तोलून बघा. सगळ्यात सोपी कपात दोन ठिकाणी होते. पाण्याचे कॅन दिवसभर भरून हिंडवू नका, मुक्कामाच्या आधीच्या शेवटच्या गावात भरा. आणि कपडे माणशी ६ किलोंवर आणा.

टपावरचा तंबू अलीकडे फार दिसतो. तो एकटाच ५० किलोंच्या आसपास भरतो, आणि टपाची भारमर्यादा अनेक गाड्यांत तेवढीच किंवा थोडीच जास्त असते. शिवाय एवढं वजन उंचावर गेल्याने घाटातल्या वळणांवर गाडी जास्त कलते. दर महिन्याला बाहेर पडणाऱ्यांचं गणित वेगळं असेल, पण वर्षातून एका मोठ्या प्रवासासाठी मी तो सुचवणार नाही. टपावर ठेवायच्याच असतील तर हलक्या आणि मोठ्या वस्तू ठेवा: मॅट, स्लीपिंग बॅगा, घडीच्या खुर्च्या. त्या ताडपत्रीत गुंडाळून रॅचेटच्या (खटक्याने घट्ट होणाऱ्या) पट्ट्याने आवळा. रबरी हुकाच्या दोऱ्या खडबडीत रस्त्यावर सैल पडतात.

झोपेचं सामान: इथे पैसे खर्च करा

सगळ्या यादीत कुठे हात सैल सोडायचा असेल तर इथे. भूक एखाद्या दिवशी बिस्किटांवर भागते. थंडीने जागून काढलेल्या रात्रीनंतर मात्र सकाळी त्या घाटात गाडी चालवणं धोक्याचं असतं.

काझाच्या परिसरात सप्टेंबरमध्ये रात्रीचं तापमान शून्याजवळ येतं. चंद्रतालजवळ महिन्याच्या अखेरीस पारा शून्याखाली जाणं नेहमीचं आहे. स्लीपिंग बॅगेवर दोन आकडे छापलेले असतात, एक ‘कम्फर्ट’ आणि दुसरा ‘लिमिट’. दुकानदार बहुतेक वेळा दुसरा सांगतो, कारण तो जास्त थंड दिसतो. तुम्ही पहिलाच बघा. या प्रवासासाठी कम्फर्ट शून्य अंश किंवा त्याखाली हवा. चारही बॅगा त्या दर्जाच्या घेणं खिशाला जड जात असेल, तर कम्फर्ट ५ अंशांची बॅग घेऊन वर घरची गोधडी पांघरा. गाडी असल्यामुळे आपल्याला पाठीवर काही वाहायचं नाही, मग सुती गोधडीसारखं खात्रीचं पांघरूण घरी का ठेवायचं? फक्त ती ओली होऊ देऊ नका, सुती कापड तिथे लवकर वाळत नाही.

लोक सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात ते खालच्या मॅटकडे. अंगाखालचा कापूस किंवा पिसं दबून सपाट होतात आणि थंडी जमिनीतून चढते. मॅटवर ‘आर-व्हॅल्यू’ लिहिलेली असते: आकडा जितका मोठा तितका थंडीला अडसर जास्त. आपल्याला ४ च्या वर हवा. एक स्वस्त उपाय आहे. खाली फोमची मॅट, वर हवेची मॅट. दोन्हींच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते, आणि हवेची मॅट फुटली तर रात्र अगदीच वाया जात नाही.

तंबूवर ‘४ जणांचा’ लिहिलेलं असेल तर त्यात सामान न ठेवता चौघं अंगाला अंग लावून झोपू शकतात, एवढाच अर्थ घ्या. चौघांसाठी तीन-तीन जणांचे दोन तंबू मला जास्त सोयीचे वाटतात. प्रत्येक तंबू लहान जागेत बसतो, वारा कमी धरतो, आणि एक फाटला तरी दुसरा असतो. घेताना या गोष्टी तपासा: बाहेरचं कापड जमिनीपर्यंत येतं का, पाण्याला टिकण्याचा आकडा २,००० मिलिमीटर किंवा जास्त आहे का, आणि काठ्या अॅल्युमिनियमच्या आहेत का. फायबरच्या स्वस्त काठ्या जोरदार वाऱ्यात चिरतात, आणि स्पितीत दुपारनंतर वारा सुटतोच.

तंबूबरोबर येणाऱ्या बारीक खुंट्या तिथल्या दगडाळ जमिनीत वाकतात. आठ-दहा जाड खुंट्या, एक हातोडी आणि २० मीटर दोरी वेगळी घ्या. खुंटी शिरतच नसेल तर दोरीचं टोक मोठ्या दगडाला बांधा आणि त्यावर दुसरा दगड ठेवा. तंबूखाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी चार बोटं लहान हवी. ती बाहेर डोकावली तर पावसाचं पाणी धरून बरोबर अंगाखाली आणते.

रात्री तंबूची वरची झडप उघडी ठेवा. चौघांच्या श्वासाची वाफ कापडावर गोठते आणि सकाळी अंगावर टपकते. थंडी वाजते म्हणून शेगडी, कोळशाची सिगडी किंवा अंगीठी तंबूत किंवा गाडीत कधीही, पाच मिनिटांसाठीसुद्धा, घेऊ नका. जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपणंही तितकंच घातक. ऊब हवी असेल तर गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली मोज्यात घालून पायांशी ठेवा, पहाटेपर्यंत पुरते.

स्वयंपाक

उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी, म्हणजे काझाला सुमारे ८८ आणि चंद्रतालला ८६ अंशांना. पातेल्यात ठेवलेला भात तासभर खदखदत राहतो आणि कणी काही मोडत नाही, डाळीचं तर विचारूच नका. म्हणून ३ लिटरचा कुकर या यादीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू. आतल्या दाबामुळे पाणी ११० अंशांच्या वर जातं आणि मुगाच्या डाळीची खिचडी दोन-तीन शिट्ट्या जास्त घेऊन व्यवस्थित होते. निघण्यापूर्वी कुकरची रबरी रिंग आणि झाकणावरची सुरक्षा झडप बदला, आणि एक रिंग जादा ठेवा. तूरडाळ, राजमा, छोले घरी ठेवा. मूग, मसूर आणि बारीक तांदूळ घ्या.

शेगडी आडव्या डब्याच्या गॅसवर चालणारी घ्या, एका ज्योतीची, वाऱ्याला आडोसा असलेली. चौघांचा दोन वेळचा साधा स्वयंपाक आणि चहा यांना दिवसाला सुमारे २२० ग्रॅमचा एक डबा धरावा. या डब्यांत ब्यूटेन असतो. समुद्रसपाटीला तो उणे अर्ध्या अंशाखाली वायू बनत नाही. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने थोडी सवलत मिळते, पण जळताना डबा स्वतःच गार होत जातो आणि ज्योत बारीक होते. उपाय सोपा आहे. सकाळचा डबा रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा. डबा कधीही ज्योतीजवळ धरून तापवू नका. आणि हे डबे पुण्याहून नेऊ नका. राजस्थानात उन्हात उभी केलेली बंद गाडी आतून ५० अंशांच्या पुढे जाते, आणि डब्यांवर नेमकी तीच मर्यादा लिहिलेली असते. चंदीगडला मोठ्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत आधी फोन करून चौकशी करा आणि तिथूनच घ्या.

खाण्याच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या घरांकडे आयता खजिना आहे. आपल्या कोरड्या पदार्थांना ना शीतकपाट लागतं ना फार इंधन. थालीपिठाची भाजणी, कुळथाचं पीठ, बेसन, मेतकूट, भाजलेला रवा, जाड पोहे, शेंगदाण्याचं कूट. कुळथाचं पिठलं दहा मिनिटांत होतं आणि थंडीत पोटाला ऊब देतं. शेंगदाणा, जवस, कारळं आणि लसूण-खोबरं अशा चार चटण्या असल्या की धाब्यावरची रोजची पराठ्याची थाळीही वेगळी लागते. दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी. नंतर वाटेत रोटी मिळतेच. गोडासाठी डिंकाचे नाहीतर नाचणीचे लाडू. उंचीवर भूक मरते, त्यामुळे थोडं-थोडं आणि वारंवार खाता येईल असं काहीतरी पुढच्या सीटजवळ हवंच. कांदे, बटाटे, आलं, लिंबं रामपूर किंवा रेकाँग पिओला घ्या. किन्नौरात सप्टेंबरमध्ये सफरचंदांचा हंगाम असतो, तिथे फळं बरोबर न्यायची गरज नाही.

फोडणी घरीच करून न्या. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता आणि सुकी मिरची परतून, पूर्ण गार झाल्यावर कोरड्या बरणीत भरा. वाऱ्यात, मिणमिणत्या ज्योतीवर फोडणी तडतडण्याची वाट बघण्यात गॅसही जातो आणि धीरही. खिचडीचे एकेका वेळचे पुडे (तांदूळ, डाळ, गोडा मसाला, मीठ, दोन मूठ सुकवलेल्या भाज्या) घरी बांधून त्यांवर पाण्याचं माप लिहा. मग अंधारात कुणीही स्वयंपाक करू शकतं, एकाच माणसावर भार पडत नाही.

भांडी: कुकर, एक पातेलं, एक तवा, झाकणी, सांडशी, सुरी, मोठा चमचा, गाळणं, चार ताटल्या, चार पेले. एवढंच. सगळं स्टीलचं, एकात एक बसणारं. बर्फाचा डबा किंवा गाडीतलं छोटं शीतकपाट या प्रवासात लागत नाही. दुधाची पूड चहाला पुरते.

पाणी आणि शौच

पिणं, स्वयंपाक आणि भांडी मिळून माणशी दिवसाला ५ लिटर धरा, म्हणजे चौघांना २०. दहा-दहा लिटरचे दोन नळवाले कॅन सोयीचे, कारण २० लिटरचा एक कॅन उचलताना उंचीवर दम लागतो. आणखी दोन घडीच्या पाणपिशव्या ठेवल्या की लागेल तेव्हा एकूण ४० लिटरपर्यंत भरता येतं. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी वर मेंढ्या चरत असतात. ते गाळून उकळा. २,००० मीटरच्या वर खळखळून उकळी आल्यावर तीन मिनिटं उकळू द्या. उकळायला वेळ नसेल तेव्हा क्लोरिनच्या गोळ्या, पाकिटावर सांगितलेला वेळ थांबून.

शौचासाठी एक लहान खुरपं किंवा फावडं हवं. पाण्यापासून किमान ६० मीटर दूर, वीतभर खोल खड्डा, नंतर मातीने बुजवायचा. स्पिती हे थंड वाळवंट आहे. तिथे कागद वर्षानुवर्षं कुजत नाही, सॅनिटरी पॅड तर अजिबात नाही. यांसाठी एक जाड, अपारदर्शक, झाकणाचा डबा ठेवा आणि तो शहरात आल्यावरच रिकामा करा. बायका-मुली बरोबर असतील तर उभा, अरुंद आडोशाचा तंबू जरूर घ्या. दोन-अडीच किलो वजन आहे, पण झाड नसलेल्या त्या उघड्या प्रदेशात त्याचं मोल फार. संकोचाने पाणी कमी पिणं उंचीवर आजाराला निमंत्रण देतं.

वीज, फोन, कागदपत्रं

चार फोन, एक कॅमेरा आणि दोन दिवे मिळून दिवसाला साधारण १०० वॉट-तास लागतात. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत कागदावर ७४ वॉट-तास असतात, हाताला ५०-५५ येतात. गाडी रोज चार-पाच तास चालणार आहे, तेव्हा तीन पॉवर बँका आणि एक चांगला गाडीतला चार्जर एवढ्यावर सगळं निभतं. महागड्या पॉवर स्टेशनची (उचलून नेता येणाऱ्या मोठ्या बॅटरीची) गरज नाही. तुमच्याकडे असेलच तर लक्षात ठेवा, लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली की कायमची बिघडते. पॉवर बँका आणि फोन रात्री पांघरुणात घ्या. हेडटॉर्च प्रत्येकाला स्वतंत्र.

काझा सोडलं की फोनला नेटवर्क तुटक मिळतं, चंद्रतालला तर ते धरूच नका. नकाशे आधी उतरवून ठेवा आणि घरच्यांना सांगा की अमुक तारखेपर्यंत फोन आला नाही तर काळजी नको, त्यानंतर मात्र चौकशी करा. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना आवर्जून कळवा: उपग्रह फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रं भारतात परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावर अटक झालेली उदाहरणं आहेत. त्यांच्याकडे परदेशी पासपोर्ट असेल तर किन्नौर-स्पितीच्या सीमेलगतच्या टप्प्यासाठी परवानाही लागतो, भारतीय नागरिकांना नाही. हाच प्रवास पुढे लडाखला नेणार असाल तर इतर राज्यांतलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड घ्या.

गाडीचे कागद डिजिलॉकरमध्ये चालतात, तरी छापील प्रती ठेवा. विमा आणि पीयूसी प्रवासाच्या मध्यात संपत नाहीत ना ते बघा. आपत्कालीन क्रमांक ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. रोख रक्कम चंदीगडलाच काढून घ्या.

गाडी

निघण्याच्या पंधरा दिवस आधी सर्व्हिसिंग करून घ्या, आदल्या दिवशी नाही. काही चुकीचं बसवलं गेलं असेल तर ते या पंधरा दिवसांत कळतं. ब्रेक पॅड, कूलंट, बॅटरी, वायपरचे रबर आणि टायरच्या नक्षीची खोली तपासून घ्या. स्टेपनी पूर्ण मापाची आहे की लहान, ते बघा. लहान असेल तर तिच्यावर या रस्त्यांवर लांब जाता येत नाही, म्हणून पंक्चर स्वतः काढता यायलाच हवं. ट्यूबलेस टायरचा पंक्चर संच आणि १२ व्होल्टचा हवा भरायचा पंप घ्या आणि एकदा घरी वापरून बघा. जॅकखाली ठेवायला फूटभर लाकडी फळी न्या, मऊ मातीत जॅक रुततो. याशिवाय जंपर केबल, ओढायची दोरी, फ्यूज, एक लिटर इंजिन ऑइल, कूलंट, चिकटपट्टी, तार.

टायरमधल्या हवेबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. उंचीवर बाहेरचा दाब कमी झाल्याने टायर फुगतात, म्हणून हवा सोडायची, असं सांगितलं जातं. पहिला भाग खरा आहे. ४,००० मीटरवर मापकातला आकडा ५-६ पीएसआयने चढतो. पण मैदानातल्या ३५ अंशांवरून वरच्या ५ अंशांत आल्यावर टायरमधली हवा आकसते आणि आकडा जवळजवळ तेवढाच उतरतो. म्हणून सकाळी थंड टायरवर मापकाने बघा आणि कंपनीने पूर्ण भारासाठी सांगितलेला दाब ठेवा. अंदाजाने हवा सोडू नका.

इंधनासाठी जादा कॅनची गरज नाही. रेकाँग पिओजवळ टाकी भरा, मग थेट काझाला, साधारण २०० किलोमीटरवर. काझाहून मनालीही तेवढंच आहे. ४५ लिटरची टाकी हे दोन्ही टप्पे आरामात काढते. बंद गाडीत पेट्रोलचा कॅन आणि गॅसचे डबे एकत्र ठेवण्यापेक्षा हे बरं.

कुंझुम उतरल्यावर मनालीच्या वाटेवरचा बटाल ते ग्राम्फू हा सुमारे ५० किलोमीटरचा टप्पा दगडगोट्यांचा आहे, त्याला अर्धा दिवस द्या. तिथले ओढे सकाळी शांत असतात. दुपारी वरचा बर्फ वितळतो आणि पाणी चढतं. म्हणून चंद्रतालहून उजाडताच निघा.

उंची आणि औषधं

४,३०० मीटरवर दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, हा नियम पाळा. त्यामुळे कल्प्याहून थेट नाकोला मुक्काम करू नका, ते ३,६०० मीटरच्या वर आहे. नाको दिवसा बघा आणि झोपायला खाली ताबोला उतरा. ताबोचा मठ इ.स. ९९६ मधला आहे, त्याच्यासाठी एक जादा दिवस सहज निघतो आणि शरीरालाही तोच दिवस हवा असतो. डोकं दुखत असेल, मळमळत असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही. चालताना तोल जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागली किंवा बोलणं असंबद्ध झालं तर रात्र असली तरी खाली उतरायचं.

अॅसिटाझोलामाइड (डायमॉक्स) हे उंचीच्या त्रासावरचं औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच. पेटीत पॅरासिटामॉल, उलटीच्या गोळ्या, ओआरएस, जखमेचं सामान, पल्स ऑक्सिमीटर, आणि घरच्यांची रोजची औषधं दुप्पट, दोन वेगळ्या पिशव्यांत.

डिकी भरण्याची रीत

एकाच मापाचे चार झाकणाचे प्लास्टिकचे खोके घ्या: स्वयंपाक, शिधा, हत्यारं, किरकोळ. झाकणाच्या आत यादी चिकटवा. जड खोके खाली, मागच्या सीटच्या पाठीला टेकून. सीटच्या उंचीच्या वर काहीही सुटं नको, जोराचा ब्रेक लागला की ते डोक्यावर येतं. तंबू, ताडपत्री आणि हातोडी सर्वांत शेवटी ठेवा, म्हणजे पावसात पोहोचलात तरी आधी छप्पर उभं राहतं. पंक्चरचा संच आणि जॅक मात्र सगळं सामान न उपसता हाताला लागेल अशा जागी.

लॉजच्या मुक्कामांसाठी एक सामायिक पिशवी करा. चौघांचे एकेक जोड कपडे, दात घासायचं सामान, चार्जर. रात्री फक्त तीच उतरवायची. या एका पिशवीने रोजचा अर्धा तास वाचतो.

कामं वाटून ठेवा आणि बदलू नका. दोघांनी तंबू, एकाने शेगडी, एकाने पाणी आणि दिवे. तिसऱ्या दिवसापर्यंत बोलावंही लागत नाही, अर्ध्या तासात मुक्काम लागतो.

आधी गच्चीवर एक रात्र

सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर जुलैत गच्चीवर तंबू लावा आणि भर पावसात त्यात झोपा. गच्चीत खुंट्या शिरत नाहीत, विटांना दोऱ्या बांधाव्या लागतात. वर दगडांना बांधायचा सराव त्यातच होतो. पुण्या-मुंबईच्या पावसात जो तंबू टिकला तो स्पितीत गळणार नाही. दुसऱ्यांदा अंधारात, फक्त हेडटॉर्चवर लावून बघा. तिथेच कुकर लावून एक पुडा खिचडी करा. त्या रात्री जे हाताला लागलं नाही ते यादीत घाला, जे उघडलंच नाही ते काढून टाका.

तंबू कुठे लावायचा

दिवस मावळायच्या दोन तास आधी थांबा. शेत किंवा बाग दिसली तर मालकाला विचारा, गावाजवळ असाल तर गावात. बहुतेक वेळा जागा मिळते, कधी चहाही. चंद्रतालच्या काठावर तंबू लावायला बंदी आहे. सरोवराच्या अलीकडे दोन-तीन किलोमीटरवर ठरलेल्या जागी कॅम्प असतात, तिथेच राहा.

भुसभुशीत डोंगरउताराखाली थांबू नका. जमिनीवर ताजे, धारदार दगड पडलेले दिसले तर वरून अजून येणार आहेत. आणि नदीचं पात्र कितीही मोहक, सपाट, वाळूचं असलं तरी टाळा. सतलजवर नाथपा झाकडी, करछम वांगतू असे मोठे जलविद्युत प्रकल्प आहेत आणि पाणी अचानक सोडलं जातं. २०१४ च्या जूनमध्ये लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. काठावरच्या सूचनाफलकांकडे गांभीर्याने बघा.

परतल्यावर

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी तंबू सावलीत पसरून पूर्ण वाळवा, नाहीतर पावसाळी हवेत आठवड्यात बुरशी धरते. स्लीपिंग बॅगा लहान पिशवीत कोंबून न ठेवता मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा. गाडी खालून धुऊन घ्या आणि व्हील अलाइनमेंट तपासा. न वापरलेल्या वस्तूंची यादी त्याच आठवड्यात लिहा आणि ती खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवा.